पोर्शे ९२८ : आधी रबर, मग रुबाब

(दृश्य : कार्यशाळेतली लिफ्ट. वर चढवलेली गडद निळी गाडी. कॅमेरा खालून, इंजिनकडून मागच्या चाकांकडे सरकतो.)

जुन्या गाड्यांच्या बाजारात पोर्शे ९२८बद्दल एक वाक्य ठरलेलं आहे : स्वस्तात मिळालेल्या ९२८इतकी महाग गाडी दुसरी नाही. पहिलं बिल हातात पडेपर्यंत हे वाक्य विनोदी वाटतं.

लिफ्टवर चढलेली ही १९८७ सालची, ९२८ची एस-फोर आवृत्ती. पुढे आठ सिलिंडरचं, जवळपास पाच लिटरचं इंजिन. ३२ वॉल्व्ह, ३२० अश्वशक्ती, आणि ताशी २७० किलोमीटरचा वेग. नवी होती तेव्हा ही पोर्शेच्याच प्रसिद्ध ९११पेक्षा महाग होती. पुढे मात्र हिचा भाव कोसळला. ज्यांना गाडी परवडली, त्यांना तिची देखभाल परवडली नाही. चाळीस वर्षांनंतर आज जी दुरुस्ती करायची, ती मूळ कारखान्याच्या कामाची थोडी आणि मधल्या मालकांच्या काटकसरीची जास्त असते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. झुफेनहाउझेनचा कारखाना. १९७७चं जिनिव्हा प्रदर्शन.)

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या झुफेनहाउझेन भागात पोर्शेचा कारखाना आहे. सत्तरच्या दशकात कंपनीचे प्रमुख होते एर्न्स्ट फुअरमान. मागे इंजिन असलेल्या ९११चे दिवस भरलेत, अशी त्यांची खात्री होती. अमेरिकेतले धुराचे, आवाजाचे, सुरक्षेचे नियम कडक होत चालले होते. म्हणून कोऱ्या कागदावरून नवी गाडी आखली गेली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, वजन दोन्हीकडे जवळपास सारखं. आनातोल लापीन यांच्या स्टुडिओत वोल्फगांग म्योबियुस यांनी तिचा आकार काढला. बंपर रंगीत प्लास्टिकखाली लपवले. दिवे विझले की आकाशाकडे डोळे लावून पडलेले. १९७७ साली जिनिव्हाला ती लोकांसमोर आली आणि १९७८चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ किताब तिने घेतला. स्पोर्ट्स कारच्या वाट्याला तो किताब सहसा जात नाही.

पण ९११ काही मेली नाही. फुअरमाननंतर आलेले पीटर शुट्झ एकदा संशोधन-विकासाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या भावी उत्पादनाच्या तक्त्यात ९११ची रेघ १९८१ला संपत होती. शुट्झनी पेन उचलून ती रेघ तक्त्याबाहेर नेली, अशी गोष्ट पोर्शेच्या मंडळींत आजही सांगतात. वारसदार म्हणून जन्मलेली ९२८ मात्र १९९५ला थांबली. सुमारे ६१ हजार गाड्या बनल्या.

तर, आता काम.

(दृश्य : मेकॅनिकचा हात. बोटांनी दाबल्यावर भेगाळणारी इंधनाची नळी.)

अशी गाडी दारात आली की माणसाला आधी रंग दिसतो. एक ओरखडा, फिकट झालेलं बॉनेट, डॅशबोर्डची तडकलेली कातडी. मन तिकडेच धावतं. माझं मत विचाराल तर रंगाला हात लावायचाच नाही, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. पत्र्याची फारशी काळजी नसते. सांगाडा जस्त चढवलेल्या पोलादाचा आहे. दारं, बॉनेट आणि पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे. त्या काळच्या बऱ्याच गाड्या गंजून संपल्या, ही टिकली. बॅटरी मागे, सामानाच्या जागेखाली बसते, तेवढा कोपरा तपासायचा. ॲसिड सांडून तिथे पत्रा खाल्लेला सापडतो.

हिचा खरा शत्रू रबर. इंजिनाच्या माथ्यावरून पेट्रोलच्या नळ्या जातात. त्यांच्या खालीच तापलेलं इंजिन. वरून नळी धडधाकट दिसते, वाकवली की आतून चिरा उघडतात. ९२८ला आग लागल्याच्या बऱ्याच घटनांचं मूळ या चिरांत आहे. म्हणून गाडी चालू करून पाहण्याआधीच सगळ्या नळ्या बदलायच्या. त्यात तडजोड नाही.

(दृश्य : इंजिनाखाली जॅक. चपटं झालेलं माउंटिंग बाहेर येतं, शेजारी नवं.)

हे इंजिन माउंटिंग, इंजिन ज्यावर टेकतं तो आधार. आत तेल भरलेलं असतं, त्यामुळे इंजिनाची थरथर केबिनपर्यंत येत नाही. तेल गळून गेलं की माउंटिंग बसतं आणि त्यासोबत इंजिनही खाली बसतं. जुनं आणि नवं शेजारी ठेवल्यावर उंचीतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मालक सांगतात, ‘गाडी हल्ली जरा हादरते.’ त्या वाक्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

(दृश्य : इंजिनाचं पुढचं झाकण निघतं. लांबलचक टायमिंग बेल्ट.)

आता टायमिंग बेल्ट. दोन मीटरपेक्षा लांब. क्रँकपासून, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्यापासून, निघून तो दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारे दांडे, फिरवतो, वाटेत तेलाचा पंप आणि पाण्याचा पंपही. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं तरी बेल्ट मरतो, आणि या ३२ वॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट सुटला तर पिस्टन वॉल्व्हला धडकतात. गाडी किती किलोमीटर चालली, यावर इथे विसंबू नये. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचा बेल्टही म्हातारा होतोच. त्यामुळे बेल्ट, पंप, रोलर, बेल्टचा ताण धरणारा टेन्शनर सगळं एकदम बदलायचं. दोन कॅमशाफ्टना जोडणाऱ्या छोट्या साखळीखाली प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या ठिसूळ होऊन तुटतात, त्यांनाही सोडायचं नाही. सुधारणा करायचीच असेल तर ती इथे करावी. मूळ टेन्शनरच्या जागी बसणारे हायड्रॉलिक टेन्शनरचे संच आता मिळतात. गाडीचं रूप त्याने जराही बदलत नाही, आणि बेल्टचा ताण वारंवार तपासत बसावं लागत नाही.

(दृश्य : मागे-पुढे धावणारी नळी. तिच्या आतला बारीक शाफ्ट, आकृतीतून.)

आणि हा भाग ९२८चा खास. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, मधे एक लांब बंद नळी, टॉर्क ट्यूब. आत अंगठ्याएवढ्या जाडीचा शाफ्ट इंजिनाच्या वेगानेच फिरतो, रबरात बसवलेल्या बेअरिंगवर. ऑटोमॅटिक गाडीत या शाफ्टचं पुढचं टोक एका क्लॅम्पने इंजिनामागच्या लवचिक चकतीला बांधलेलं असतं. वर्षानुवर्षं जोर लागून शाफ्ट त्या क्लॅम्पमध्ये किंचित सरकतो. चकती पुढे वाकते आणि अखंड क्रँकशाफ्टला रेटत राहते. हा रेटा सोसणारं एकच बेअरिंग आहे, थ्रस्ट बेअरिंग. ते झिजलं की क्रँक थेट ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मूळ धडाला, खाऊ लागतो.

(दृश्य : क्लॅम्पचा बोल्ट सैल होतो. ‘टक्’ असा आवाज. चकती मागे सरकते.)

ऐकलंत? तो ताण सुटल्याचा आवाज. इथे डायल गेज लावून क्रँकचा पुढे-मागे प्ले, म्हणजे ढिलेपणा, मोजतात. ०.४ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा. त्याच्या आत असेल तर क्लॅम्प नीट बांधायचा, किंवा दोन बोल्टचा मजबूत क्लॅम्प बसवायचा, आणि दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा पाहायचं. मर्यादेच्या बाहेर असेल तर इंजिन उघडावं लागतं, आणि क्रँकने ब्लॉक खाल्ला असेल तर तो भंगारात. पाना, एक बोल्ट आणि थोडा वेळ, एवढ्यावर आठ सिलिंडरचं इंजिन वाचतं. ऑटोमॅटिक ९२८ विकत घेणाऱ्याने दुसरं काहीही पाहण्याआधी हे मोजून घ्यावं. विकणारा नको म्हणाला, तर गाडीही नको म्हणावं.

ब्लॉक गेला तर एवढी हळहळ का, तेही सांगायला हवं. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, भरपूर सिलिकॉन घातलेला, आणि त्यात लोखंडी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची अस्तरं, नाहीत. पिस्टन थेट त्या मिश्रधातूवर चालतो. सिलिंडर घासून झाला की वरचं ॲल्युमिनियम किंचित मागे हटवतात, सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडतात आणि त्यांच्यामधे तेल धरून राहतं. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावावी, तसंच काहीसं. साधं रिबोअर, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करण्याचं काम, करणाऱ्या वर्कशॉपकडे हे काम देऊन चालत नाही.

(दृश्य : मॅग्नेशियमचं इनटेक उचललं जातं. खाली काळवंडलेल्या बारीक नळ्यांचं जाळं.)

एस-फोरचं इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा नळ्यांचा संच, मॅग्नेशियमचं. रंग उडालेला असतो, म्हणून ते काढून पावडर कोटिंग करायचा मोह होतो. करावं. पण झाकण निघालंच आहे तर खाली दिसणारी प्रत्येक रबरी वस्तू, व्हॅक्यूमच्या नळ्या, इंजिनातला ठोका ओळखणारे नॉक सेन्सर, सगळं त्याच दिवशी बदलून टाकायचं. पुन्हा इथवर पोहोचायचं म्हणजे पुन्हा सगळं उघडायचं.

(दृश्य : प्रवाशाच्या पायाखालची लाकडी फळी निघते. फ्यूज आणि रिलेचा पटल.)

विजेच्या कामाला लोक घाबरतात. पटल पाहिला की ती भीती पटते. पण इथेही बहुतेक भुतं एकाच झाडावरची. अर्थिंग. बॅटरीपासून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी हिरवी पडलेली असते. ती बदलून अर्थिंगची ठिकाणं खरवडून स्वच्छ केली की मीटरचे खोटे आकडे, अर्धवट उघडणाऱ्या काचा, कारण नसताना लागणारे इशाऱ्याचे दिवे, यातलं बरंचसं आपोआप थांबतं. इंधनाचा संगणक बॉशचा. त्याच्या आतला भाग वयाने जातो, पण दुरुस्त होऊन मिळतो. बॉशही श्टुटगार्टचीच कंपनी. नाशिककरांना ती मायको सर्कलमुळे घरचीच वाटेल, कारण मायको हे बॉशच्याच इथल्या कंपनीचं जुनं नाव.

(दृश्य : सुपरचार्जर बसवलेलं दुसरं इंजिन. नंतर कार्बन फायबरच्या बॉडीची रिस्टोमॉड, म्हणजे आधुनिक भाग घालून नव्याने घडवलेली जुनी गाडी.)

इथपर्यंत येईतो पैसा संपत आलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या सुपरचार्जरचा विषय काढतो. संच मिळतात, ताकद भरपूर वाढते. पण एस-फोरचं मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचं प्रमाण, आधीच दहास एक. वरून दाबाने हवा भरायची तर इंधन, ठिणगी, कूलिंग सगळ्याचा नव्याने हिशोब लागतो. बेल्ट आणि क्लॅम्पचं काम न करता सुपरचार्जर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. काही जण इंजिनच काढून अमेरिकन शेव्हरोलेचं व्ही-एट बसवतात. सोपं आहे, स्वस्त आहे, चालतंही छान. मला पटत नाही, पण ब्लॉक गेलेली गाडी भंगारात जाण्यापेक्षा ते बरं, एवढं कबूल. दुसऱ्या टोकाला नार्दोने ऑटोमोटिव्ह ही जुन्या गाड्या नव्याने घडवणारी कंपनी. २०२१ साली त्यांनी दाखवलेल्या ९२८ला कार्बन फायबरची रुंद बॉडी, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि सुमारे ४०० अश्वशक्ती होती. देखणी आहे. तिच्या किमतीत मात्र चांगल्या ९२८ची रांग उभी राहील.

या गाडीसाठी निवडलेल्या सुधारणा त्या मानाने नीरस आहेत. मूळ रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, त्याच टाक्यांत तेल थंड करणाऱ्या नळ्या. त्या जागी पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर. नवे शॉक ॲब्सॉर्बर. ९२८च्याच नंतरच्या जीटीएस आवृत्तीचे मोठे ब्रेक, आणि ते मावावेत म्हणून सतरा इंची चाकं. बस.

(दृश्य : मागचं सस्पेन्शन. वळणावर चाकाची हालचाल, ॲनिमेशनमधून.)

मागच्या सस्पेन्शनमध्ये मात्र काही बदललं नाही, मूळ मापाचे रबरी बुश तेवढे नवे घातले. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याच गाड्यांचं शेपूट बाहेर फेकलं जातं. पोर्शेच्या वाइसाख इथल्या संशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी इथे पुढच्या बाजूला एक छोटी दांडी अशी बसवली की त्याच क्षणी मागचं चाक किंचित आत वळतं आणि गाडी सावरते. वाइसाख ॲक्सल म्हणतात ते हेच. घट्ट पॉलियुरेथेनचे बुश घालून ही हालचाल आवळून टाकण्यात शहाणपण नाही.

(दृश्य : गाडी चारही चाकांवर जमिनीवर. मग रस्त्यावर, पहिली फेरी.)

गाडी लिफ्टवरून उतरली म्हणजे लगेच अलाइनमेंट करायची नाही. ९२८ उचलली की पुढचं सस्पेन्शन लोंबतं आणि खाली ठेवल्यावर जागेवर बसत नाही. गाडी बोटभर उंचच राहते. त्या अवस्थेत मोजलेलं प्रत्येक माप खोटं. आधी चालवून आणायची, मग जॅक न लावता उंची मोजायची, आणि मग चाकांचे कोन. हे माहीत नसलेल्या दुकानात पैसे भरून वाकडी झालेली गाडी घरी येते आणि पुढचे टायर आतून झिजतात.

(दृश्य : केबिन. स्टिअरिंग वर-खाली होतं, सोबत मीटरचा संचही. मागच्या सीटसमोर उघडणारे सूर्यपडदे.)

स्टिअरिंग खालीवर केलं की मीटरही त्याच्याबरोबर हलतात. मागे बसणाऱ्यांना स्वतंत्र सूर्यपडदे. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली गाडी आहे, हे या केबिनमध्ये बसल्यावर कळतं. एसीचा गारवा मात्र अजून पायाशीच येतोय. हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा व्हॅक्यूमवर चालतात आणि त्यांच्या आतले पडदे फाटलेत. तेही रबरच. डॅशबोर्ड काढावा लागणार. तडकलेली कातडीही त्याच खेपेला बदलून घेतली जाईल. सुटे भाग मागवले आहेत.