गाडी कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

मी सातारची. नोकरी तहसील कार्यालयात, अव्वल कारकून. तुम्ही आणलेले कागद उलटेपालटे करून "याची झेरॉक्स कुठाय?" असं विचारणारी जी बाई खिडकीपलीकडे बसलेली असते ना, ती मी. गेली पंचवीस वर्षं. त्यामुळं "मोटरसायकलवरून एकटीनं परदेश" या विषयावर बोला म्हणून मला बोलावलं, तेव्हा आधी माझं मलाच हसू आलं.

तर परदेश म्हणजे नेपाळ. 2023 च्या नोव्हेंबरात तुळशीची लग्नं उरकली आणि मी निघाले. सातारा ते मुक्तिनाथ, म्हणजे तिथलं डोंगरातलं विष्णूचं तीर्थ, आणि परत. साडेचार हजारांच्या आसपास किलोमीटर, 350 सीसीची गाडी आणि सोबतीला कुणी नाही.

नेपाळ म्हटलं की समोरचा माणूस निम्मं कौतुक तिथंच परत घेतो. "हात्तिच्या, नेपाळ म्हणजे काय परदेश? पासपोर्टसुद्धा लागत नाही." खरंय. 1950 साली दोन्ही देशांचा करार झाला, तेव्हापासून आपली ये-जा मोकळी आहे. व्हिसा नाही, निवडणुकीचं ओळखपत्र जवळ असलं की झालं. सीमेवरच्या सनौली गावच्या कमानीखालून माणसं मंडईत जावं तशी पिशव्या घेऊन जातात-येतात. पण ही मोकळीक माणसाला. गाडीला नाही. गाडीला तिथं नेमके दिवस मोजून पैसे भरायला लागतात, परवाना घ्यायला लागतो, आणि तो संपायच्या आत ती परत न्यायला लागते. मला हे कळलं तेव्हा गंमत वाटली. म्हणजे परदेशी जाणार होती ती गाडी. मी आपली तिच्याबरोबरची.

यामागचं कारण साधं आहे. परदेशातून आलेली गाडी तिथंच कुणाला विकली, तर त्या देशाचा आयात कर बुडतो. लांबच्या देशांना जाणाऱ्यांना म्हणून 'कार्ने' काढायला लागतो. आपल्याकडं तो मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते, 1919 सालची संस्था आहे ती. जाड पुस्तकासारखा कागद असतो, देशात शिरताना एक शिक्का, बाहेर पडताना दुसरा. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला की तुम्ही ठेवलेली अनामत किंवा बँकेची हमी अडकली. सगळे याला 'गाडीचा पासपोर्ट' म्हणतात. मला ते पटत नाही. पासपोर्ट कसला, हा तर जामीनकतबा! आमच्या कचेरीत रोज बघते मी. आरोपी गाडी, जामीनदार तुम्ही. नेपाळला भारतातली गाडी न्यायला कार्ने लागत नाही, एवढीच आपली सुटका.

पण जामीनदार व्हायचं तर आधी गाडी तुमची पाहिजे. इथं माझी गाडी अडली. आरसी बुकावर नाव आमच्या मिस्टरांचं. दहा वर्षं चालवतेय मी, सर्व्हिसिंगला नेते मी, चेनला तेल घालते मी, आणि कागदावर मी कुणीच नाही. दुसऱ्याच्या नावावरची गाडी सीमेपलीकडं न्यायची तर मालकाचं अधिकारपत्र जवळ लागतं. मिस्टर बिचारे लगेच म्हणाले, "अगं, देतो की लिहून. शंभराच्या स्टँपवर देतो." माणूस भला आहे, त्यात त्यांची काही चूक नाही. पण मी मनात ते पत्र लिहून पाहिलं. 'मी खाली सही करणार, माझी पत्नी हिला माझे वाहन नेण्यास परवानगी देतो.' पन्नाशीला आलेली बाई, पंचवीस वर्षं लोकांच्या सातबाऱ्यावर नावं चढवतेय, आणि सीमेवर नवऱ्याची चिठ्ठी दाखवणार! शाळेत उशिरा गेल्यावर दाखवतात तशी. मी म्हटलं, "अहो, चिठ्ठी नको. नमुना 29 आणि 30 वर सह्या करा. गाडी माझ्या नावावर करा." त्यांनी केल्या. थोडा वेळ पेन हातात धरून बसले, पण केल्या.

मग माझीच कचेरी. सरकारी नोकराला परदेशात जायचं तर परवानगी लागते. माझा अर्ज पाहून सहकाऱ्यांत वाद लागला की नेपाळ परदेशात धरायचा का. एक म्हणाला धरायचा, दुसरा म्हणाला मग अष्टविनायकालाही धरा. शेवटी टिपणी वर गेली, आणि वरून 'धरावा' असा शेरा घेऊन आली. इतकी वर्षं मी लोकांना 'उद्या या' म्हणत आले, ते मला तेव्हा आठ दिवस ऐकायला लागलं. ठीक आहे, फिटंफाट.

एक गोष्ट मात्र जाणाऱ्यांनी कान देऊन ऐकावी. आपल्या गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारच्या देशांत तो चालायला हवा असेल, तर विमा कंपनीकडून भौगोलिक विस्ताराची पुरवणी करून घ्यावी लागते. जादा पैसे भरून मिळते. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, आणि ज्यांना असतं ते म्हणतात, 'कोण बघतंय!' कुणी बघत नाही हे खरं. पण धडकल्यावर सगळेच बघतात.

कागद झाले. आता गाडी. माझी गाडी 190 किलोच्या पुढं, वर सामान. एकटं जायचं म्हणजे काय, याचा मी एकच अर्थ लावला होता. पडलेली गाडी एकटीनं उचलता आली पाहिजे. म्हणून अंगणात जुनी गादी टाकून मी मुद्दाम गाडी आडवी पाडायची आणि उचलायची. हातानं ओढून ती हलत नाही, कंबर जाते. युक्ती वेगळी आहे. आधी गाडी गिअरमध्ये टाकायची, म्हणजे ती घरंगळत नाही. उजवीकडं पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उभी राहता राहता ती पलीकडं कोसळते. मग सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची पकड, आणि पायांनी जोर करत उलट्या पावलांनी मागं सरकायचं. जातं ओढणाऱ्या बायकांच्या पायात असतो तसा नेट लागतो. पहिल्या दिवशी गाडी वीतभर उठली. पंधराव्या दिवशी उभी राहिली. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "रोज पाडतेस कशाला गं? तिला लागत असेल."

त्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पश्चिम नेपाळात, जाजरकोटला मोठा भूकंप झाला होता. माणसं फार गेली. घरात सगळे एकदम गप्प झाले. माझा रस्ता त्या बाजूनं नव्हता, नकाशावर बोट ठेवून मी दाखवलं. मिस्टरांनी नकाशा पाहिला, सासूबाईंनी नाही. त्या उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या. आमच्याकडं तुळशीचं लग्न शाळिग्रामाशी लागतं. तो काळा गुळगुळीत दगड पुसत म्हणाल्या, "याचं माहेर तिकडंच ना? मग बघून ये. आमच्याच्यानं काही जमलं नाही." मला वाटतं परवानगी म्हणून जे काही असतं ते हेच. त्यावर शिक्का नव्हता.

निघाले ती पहाटे साडेपाचला. हातावर दही, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडलं आणि पन्नास पावलांवर गाडी बंद. पेट्रोलची चावीच उघडली नव्हती! गल्लीतली चार घरं दिवे लावून बघत होती. श्रोतेहो, ही या प्रवासातली माझी सगळ्यात मोठी नाचक्की.

महाराष्ट्रातला रस्ता फार सांगत नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव, त्यामुळं संभाजीनगरवरून जालना, मेहकर, कारंजा असं जुन्या रस्त्यानं नागपूर. पुढं जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर. दिवेलागणीच्या आत मुक्काम, हा एकच नियम पाळला. सहाव्या दिवशी सकाळी सनौली.

दूरवर ट्रकांची रांग. कमानीच्या अलीकडं सनौली, पलीकडं बेलहिया. पाट्या आपल्याच देवनागरीत, त्यामुळं परदेशात आल्यासारखं वाटत नाही, आणि तेवढ्यात 'भन्सार कार्यालय' वाचून माणूस थांबतो. भन्सार म्हणजे जकात. त्यातलं 'कार्यालय' मात्र माझं ओळखीचं. खिडकी, गजांच्या पलीकडं टेबल, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला गोटा. मला घरी आल्यासारखं झालं.

आतल्या माणसानं माझ्याकडं पाहिलंच नाही. आरसी बुक घेतलं, बाहेर आला, गाडीपाशी उकिडवा बसला. मोबाइलची बॅटरी लावून चासीचा नंबर बोटानं पुसून एकेक आकडा वाचला, मग इंजिनचा. बारीक काम, घाई नाही. मनात म्हटलं, वा, हा आपल्यातला. मग उठून विचारलं, "गाडी कसको?"

गाडी कोणाची. आजूबाजूला नजर टाकत होता. बरोबरचा पुरुष कुठं दिसतोय का, ते बघत असावा.

म्हटलं, "माझी." मग हिंदीत, "मेरी है. नाव वाचा."

त्यानं पुस्तकावरचं नाव वाचलं, ओळखपत्रावरचं वाचलं, दोन्ही एकत्र धरून पाहिली, मी रोज धरते तशी. "कति दिन, दिदी?" बारा. एका गाडीला वर्षभरात एकूण तीस दिवस मिळतात. बारा दिवसांचे पैसे भरले. "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. सीमेवर सगळे असंच बोलतात. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, भाव ठरलेला. हातात आलेल्या परवान्यावर साल होतं 2080 आणि महिना मंसिर. तिकडं कारभार विक्रम संवतात चालतो. परतीची तारीख मला वाचता येईना. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या तारखा तपासणारी मी, परत खिडकीशी गेले आणि म्हटलं, "भाऊ, ही इंग्रजीत लिहून द्या." त्यानं मागच्या बाजूला लिहून दिली, खाली रेघ ओढून. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं आणि कमान मागं टाकली.

बुटवलच्या पुढं डोंगर सुरू होतो, सिद्धबाबाच्या त्या अरुंद टप्प्यावर वरून दगड येतात. 'पहिरो' हा शब्द तिथं शिकले, दरड. 'बाटो' म्हणजे वाट, तो शिकायला लागला नाही. पोखरा, बेनी, आणि मग काली गंडकीच्या कडेनं वर. एका अंगाला धवलागिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मध्ये ही राखी रंगाची नदी. त्या खोऱ्यात रोज सकाळी दहा-अकरानंतर वारा सुटतो. थोडाथोडका नाही. जोमसोमला विमानं म्हणूनच सकाळी उतरतात. हे मी वाचलं होतं, वहीत लिहिलं होतं, आणि मार्फाला सफरचंदं घेत बसल्यामुळं उशीर केला.

नदीच्या पात्रालगत गाडी लावली, सासूबाईंसाठी नदीचा फोटो काढायला. शाळिग्राम इथंच सापडतात, हिमालयाच्या जागी समुद्र होता त्या काळातले शिंपल्यांचे प्राणी, दगड झालेले. मी फोटो काढतेय तोवर मागं धप्प. स्टँड रेतीत रुतला आणि वाऱ्यानं गाडी आडवी केली. सावकाश चष्मा खिशात ठेवला, गाडी गिअरमध्ये टाकली, सीटला पाठ लावून बसले. अंगणातली सगळी तालीम आता कामाला येणार होती. तर कुठूनशी दोन पोरं धावत आली, "दिदी, दिदी" करत एका झटक्यात गाडी उभी केली, आणि मी तशीच उकिडवी, पाठीमागं गाडीच नाही. पोरं हसली. मीही हसले, पण खरं सांगते, थोडा राग आला.

मुक्तिनाथाला 108 धारा आहेत. बर्फाचं पाणी. पाचव्या धारेनंतर डोकं बधिर झालं आणि मग मोजलं नाही.

परवान्याच्या अकराव्या दिवशी बेलहियाला तो जमा केला, एक दिवस हातात ठेवून. गाडी जामिनातून सुटली. निघाल्यापासून एकविसाव्या दिवशी रात्री, म्हणजे नियम मोडून, सातारा.

गेल्या महिन्यात रविवारी मिस्टर म्हणाले, "जरा गाडी नेतो गं, वाईला जाऊन येतो." मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "न्या की. शंभराच्या स्टँपवर अधिकारपत्र घेऊन या, सही करते."