लाइन की हवा?

नमस्कार श्रोतेहो.

कुणीतरी लॅपटॉपसमोर बसलंय, पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय, आणि आतल्या खोलीतून हाक येते, "नेट गेलंय का?" बहुतेक वेळा नेट गेलेलं नसतंच. राउटरपर्यंत ते नीट आलेलं असतं. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या दहा-पंधरा फुटांत अडखळतं. म्हणून आज एकच प्रश्न मनात धरा. दोष लाइनचा, की हवेतला? पुन्हा सांगतो, लाइनचा, की हवेतला?

ओळखायचं असं. लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढा, वाय-फाय चालू करा आणि आपल्या नेहमीच्या जागी बसून पुन्हा टेस्ट घ्या. केबलवरही वेग कमी आला, तर कंपनीला फोन करा. केबलवर भरपूर आणि वाय-फायवर थोडा, तर दोष हवेतला. मग मोठा प्लॅन घेऊनही काही उपयोग नाही, ते पैसे वाचवा. पातळ लॅपटॉपना हल्ली लॅनचं पोर्टच नसतं. जाडी जरा कमी व्हावी म्हणून इतकी कामाची गोष्ट काढून टाकली, हे मला मुळीच पटलेलं नाही. पोर्ट नसेल तर त्याच जागी मोबाइल ठेवून टेस्ट घ्या. मोबाइल पळतोय आणि लॅपटॉप रांगतोय, तर लाइनवर आळ घेऊ नका.

आता माझ्या ताईची गोष्ट सांगतो.

ताई घरून भाषांतराचं काम करते. दिवसाला दोन-तीन व्हिडिओ कॉल असतात. दोन महिने तिचं एकच म्हणणं होतं, "माझ्या टेबलावरच नेट चालत नाही." स्वयंपाकघरात चालतं, गॅलरीत चालतं, टेबलावर नाही. राउटर बदलून झाला. टेबल खिडकीपासून भिंतीकडे सरकवून झालं. कॉल चालू असताना समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठायचा, आणि ताईला दर वेळी माफी मागावी लागायची. त्यानं ती फार खचली होती.

मी गेलो. राउटर त्याच खोलीत, टेबलापासून आठ फुटांवर, मध्ये काहीच आड नाही. तिच्या टेबलावर माझा मोबाइल ठेवून टेस्ट घेतली, ८६ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८६ मेगाबिट. तिचा लॅपटॉप, ३. लॅन केबल लावली, ९४. म्हणजे लाइन ठणठणीत, दोष हवेतला. पण एकाच टेबलावर मोबाइलला एक हवा आणि लॅपटॉपला दुसरी, हे कसं?

लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला. दोन भिंती आड, तरी ४१. परत टेबलावर आणला, ४४. ताई म्हणाली, "बघ, तू असलास की चालतं." ती कामाला बसली, मी बाहेर गेलो. पाच मिनिटांत हाक आली, "गेलं रे!" पुन्हा ३.

मग मी तिला म्हटलं, "तू रोज बसतेस तशी अगदी पहिल्यापासून बस. मी नुसतं बघतो." तिनं लॅपटॉप उघडला. चार्जर लावला. चष्मा पुसून घातला. ड्रॉवर ओढून हार्ड डिस्क काढली, तिची वीतभर केबल डावीकडच्या पोर्टमध्ये खोचली, आणि डिस्क पडद्याच्या कडेला टेकवून उभी ठेवली. तिच्या कामाची प्रत दिवसभर त्या डिस्कवर आपोआप उतरत असते.

म्हटलं, "ती काढ." काढली, ४४. "लाव." लावली, ३. "काढ." ४३. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. स्वयंपाकघरात जाताना डिस्क टेबलावरच राहायची, म्हणून तिकडं नेट चालायचं! टेबलाचा काही संबंधच नव्हता. ताई खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "दोन महिने, रे."

झालं होतं असं. ते पोर्ट यूएसबी ३ चं. बऱ्याच लॅपटॉपवर त्याची आतली पट्टी निळी असते. त्यातून माहिती सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत धावते. त्या धावण्यात केबलमधून आणि डिस्कमधून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, आणि तो वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर येऊन आदळतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो, आणि ताईची डिस्क नेमकी तिथंच टेकलेली. माझा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर होता, तिथं हा त्रास फारसा पोहोचत नाही. राउटर दोन नावं दाखवत होता, एक २.४ चं आणि एक ५ चं. ताईनं पहिलं दिसलं ते, म्हणजे २.४ चं, निवडलं होतं.

उपाय दोन मिनिटांचा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडला. डिस्कला हातभर लांब, चांगली केबल लावून ती टेबलाच्या खालच्या फळीवर ठेवली. पुन्हा सांगतो, ५ गिगाहर्ट्झ निवडा आणि डिस्क पडद्यापासून लांब ठेवा. राउटर दूरच्या खोलीत असेल तर मात्र २.४ च बरं, कारण ५ चा पल्ला कमी असतो आणि भिंती त्याला लवकर अडवतात.

बाकीचं भराभर सांगतो. मायक्रोवेव्हही २.४ च्या आसपासच चालतो, त्यामुळे तो चालू असताना वेग पडला तर नवल नाही. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्यामागे राउटर ठेवू नका. राउटर दिसायला वाईट म्हणून लोक तो कपाटात कोंबतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्या वस्तूवर घरातल्या सगळ्यांचं काम चालतं, तिला मोकळी, उंच जागा द्यायलाच हवी. आणि घर बांधणाऱ्यांनी एखादं सॉकेट तरी उंचावर द्यावं, सगळी जमिनीलगत कशाला?

लॅपटॉप बॅटरीवर असेल तर वीज वाचवण्यासाठी वाय-फायचा जोर कमी केलेला असू शकतो. चार्जर लावून टेस्ट घ्या. मागे अपडेट उतरत असेल तर ते संपू द्या. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असेल तर तो लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. आणि प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडच्या खिडकीतला बहुधा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० च्या लाइनवर १२ दिसले, तर नेट पूर्ण वेगानं चालू आहे.

टेस्ट घ्याल तेव्हा आकड्याशेजारी एवढं लिहून ठेवा. कुठल्या खोलीत, किती वाजता, आणि लॅपटॉपला त्या वेळी काय काय जोडलेलं होतं. नमस्कार.