कोडमधून मेनूत: बुलेटिन बोर्डाच्या सर्व्हर सेटिंग्ज

जानेवारी १९७८. शिकागोत हिमवादळाने रस्ते बंद पाडले होते. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्युस या दोन मित्रांनी त्या सक्तीच्या सुट्टीत एक काम काढलं आणि १६ फेब्रुवारीला सीबीबीएस हा संगणकावरचा बुलेटिन बोर्ड, म्हणजे फोनलाइनवरून जोडून संदेश वाचायची-लिहायची जागा, सुरू झाला. फोनलाइन एकच, म्हणजे एका वेळी माणूसही एकच. प्रोग्राम क्रिस्टेन्सन यांनी असेंब्ली या यंत्राच्या जवळच्या भाषेत लिहिला, यंत्र स्युस यांनी जोडलं. बनवणारे आणि चालवणारे तेच असल्यामुळे सेटिंग्जचं पान कोणासाठी करायचं, हा प्रश्नच नव्हता.

तो पुढच्या दशकात पडला. हौशी मंडळी आपापले बोर्ड चालवू लागली. वेन बेल यांच्या डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही या बोर्ड चालवण्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड नोंदणी केलेल्यांना मिळायचा, आणि लोक त्यात हवे ते बदल करून तो पुन्हा कंपाइल करायचे, म्हणजे कंपायलर वापरून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवायचे. ज्यांना कोडची गोडी होती त्यांची चंगळ झाली. पण माणसं जमवणं, वाद मिटवणं, चर्चा जिवंत ठेवणं ज्याला छान जमतं, त्याला कंपायलरही आलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

जून २००० मध्ये जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी पीएचपीबीबी हे वेबवरच्या बोर्डाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्याच्या प्रशासन विभागात सर्व्हर सेटिंग्जचं पान आहे. डोमेनचं नाव (साइटचा पत्ता), पोर्ट (सर्व्हर ज्यावर ऐकतो तो क्रमांक), स्क्रिप्टचा मार्ग, जीझिप कॉम्प्रेशन (पानं आवळून पाठवणं) चालू की बंद. दिसायला अगदी साधा फॉर्म.

याच्यामागे डेटाबेसात एक टेबल आहे. एका रकान्यात सेटिंगचं नाव, दुसऱ्यात तिची किंमत, म्हणजे भरलेला आकडा किंवा मजकूर. तिसरा रकाना सांगतो की ही किंमत सतत बदलणारी आहे का. एकूण संदेशांची संख्या सतत बदलते, म्हणून ती दर वेळी डेटाबेसातून वाचली जाते. पोर्ट वर्षानुवर्षं तोच राहतो, म्हणून तो कॅशमध्ये, म्हणजे पटकन वाचायच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवतात. नवी सेटिंग वाढवायची म्हणजे या टेबलात एक ओळ आणि फॉर्मवर एक रकाना. इथवर काम सोपं आहे.

एक गोष्ट मात्र मेनूत आणताच येत नाही. डेटाबेसचा पासवर्ड. टेबल वाचायला आधी डेटाबेस उघडावा लागतो, आणि त्याची किल्ली त्याच टेबलात ठेवून कसं चालेल? म्हणून ती कॉन्फिग डॉट पीएचपी नावाच्या वेगळ्या फाइलमध्येच राहते.

खरी कसोटी पुढे आहे. कुकी सेटिंग्जच्या पानावरचा कुकी डोमेनचा रकाना घ्या. कुकी म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद, आणि ती कुठल्या पत्त्यासाठी आहे ते हा रकाना सांगतो. समजा, प्रशासकाने इथे एक अक्षर चुकवलं आणि सेव्ह केलं. बोर्ड चालू आहे, संदेश दिसताहेत. तो लॉगिन करतो, पासवर्ड बरोबर निघतो, आणि दुसऱ्याच क्षणी तो पुन्हा पाहुणा! डोमेन जुळत नसल्यामुळे ब्राउझर कुकी घेतच नाही. चूक दुरुस्त करायचं पान लॉगिनच्या पलीकडे, आणि लॉगिन त्या चुकीमुळे बंद. मग थेट डेटाबेसात जाऊन ती ओळ बदला, आणि कॅशही रिकामी करा, नाहीतर जुनीच किंमत वाचली जाणार. म्हणजे ज्याला कोडपासून वाचवायला हा मेनू केला, तोच माणूस कोडपेक्षा अवघड जागी येऊन अडकला.

म्हणून माझ्या मते रकान्याखालची ती बारीक ओळ कोडइतकीच मनापासून लिहायला हवी. पीएचपीबीबीच्या नव्या आवृत्त्यांत तिथे म्हटलंय की कुकी डोमेन बहुतेक वेळा भरायची गरज नसते, खात्री नसेल तर रिकामं ठेवा. किती तरी लोकांची रात्र या एका सूचनेने वाचली असेल.

पोर्टच्या रकान्यात अक्षरं स्वीकारू नयेत, ६५५३५ च्या वरचा आकडाही नाही. डोमेनच्या रकान्यात कोणी अख्खा पत्ता चिकटवला, तर पुढचं एचटीटीपीएस सॉफ्टवेअरनेच काढून टाकावं. आणि जी किंमत प्रशासकालाच बाहेर काढू शकते, ती जपून ठेवण्याआधी तिच्यावर एकदा लॉगिन करून घ्यावं. जमलं तरच नवी किंमत कायम, नाहीतर आपोआप जुनी परत. एवढं करायला थोडा जास्त कोड लागतो. तो लिहायचा, आणि मगच सेटिंग मेनूत टाकायची.