पुस्तकांचा संच घेताय? आधी बिबट्याचं पान उघडा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी गोष्टीच्या पुस्तकांवर बोलले, आणि खाली कमेंट कसल्या? "ताई, माहितीच्या पुस्तकांचा एखादा चांगला संच सांगा, मुलगा दुसरीत आहे." दुसरीत आहे, चौथीत आहे... एकीने तर लिहिलंय, "मुलगी सात महिन्यांची आहे, आत्ताच घेऊन ठेवू का?" अगं बाई, तिला आधी चघळायला कापडी पुस्तक दे.

सोप्या गोष्टी भराभर सांगते. अक्षर टपोरं हवं. पहिली-दुसरीला पानावर चार-पाच ओळी पुरेत, तिसरी-चौथीला परिच्छेद चालतो. चित्राखाली नाव हवं, पुढे अनुक्रमणिका हवी. बांधणी शिलाईची बघा, नुसती चिकटवलेली असेल तर आठवड्याभरात पानं पलंगाखाली सापडतात. झालं. हे तुम्हाला माहीतच आहे.

आता खरी मेख. मालिका चांगली की वाईट हे दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? आपण काय करतो, आपल्यालाच ठाऊक नसलेला विषय उघडतो. कृष्णविवर, ज्वालामुखी, अंटार्क्टिका. "बापरे, केवढी माहिती!" म्हणतो आणि पैसे देतो. अहो, पण ती बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कळणार कसं? उलटं करा. मुलाला जो विषय आधीच चांगला येतो, त्याच विषयाचं पुस्तक उघडा.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी 24 पुस्तकांचा संच घेतला. कुणाचा ते सांगणार नाही, विचारू नका. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेला. "मॅडम, उघडून दाखवता येत नाही, पण चाळीस टक्के सूट आहे." सूट ऐकली आणि मी विरघळले. संच गेला बहिणीकडे, जुन्नर तालुक्यात. भाचा तेव्हा तिसरीत. त्याने प्राण्यांचं पुस्तक उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, हा चित्ता नाय. हा बिबट्या आहे."

मी काय म्हणाले असेन? "अरे, पुस्तकात छापलंय ना!"

तर तो मला शिकवायला लागला. ज्या पोराच्या घरामागे ऊस आहे आणि संध्याकाळी "एकटा बाहेर जाऊ नकोस, बिबट्या आहे" हे जो रोज ऐकतो, त्याला काय सांगणार तुम्ही? (पुस्तक कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा, बोट कुठे ठेवलंय ते बघा. हे ठिपके भरीव नाहीत, मध्ये मोकळे आहेत, फुलासारखे. हा बिबट्या. चित्त्याचे ठिपके टिकलीसारखे भरीव असतात, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ येते, रडताना काजळ ओघळावं तशी. इथे रेघ आहे? नाही. आणि खाली लिहिलंय, "चित्ता भारतातील जंगलांत आढळतो." पुस्तकावर साल आहे 2019. भारतातला चित्ता 1952 मध्येच नामशेष म्हणून जाहीर झाला होता, आणि नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले ते 17 सप्टेंबर 2022 ला. म्हणजे एका पानात दोन चुका.

आता मला सांगा, ज्यांना बिबट्या ओळखता येत नाही त्यांनी देवमाशाबद्दल जे लिहिलंय ते मी कशाच्या जोरावर खरं मानू?

"आमच्याकडे बिबट्या नाही हो ताई." नसू दे. जीभ आहे ना? शरीराच्या पुस्तकात जिभेचं चित्र काढा. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असे रंगीत पट्टे दिसले तर घरी पोराच्या जिभेच्या टोकावर कारल्याचा तुकडा ठेवा. तोंड कसं होतं ते बघा! कडू टोकालाही लागतं. जिभेवर जिथे जिथे चव कळते तिथे सगळ्याच चवी कळतात. तो पट्ट्यापट्ट्यांचा नकाशा चुकीचा आहे, तरी तो या पुस्तकातून त्या पुस्तकात उतरवला जातो.

आजोबा शेती करत असतील तर मातीचं पान त्यांच्या हातात द्या. मामा वायरमन असेल तर विजेचं पान मामाला. जे घरात कुणाला तरी पक्कं येतं, ते पान. तिसऱ्यांदा सांगतेय, कारण तरीही उद्या कुणीतरी विचारणार, "ताई, अंतराळाचा कुठला संच घेऊ?"

बरं, अंतराळ. त्यातसुद्धा पोरांना येणारं पान आहे. चांद्रयान-3 उतरलं 23 ऑगस्ट 2023 ला, कित्येक शाळांनी ते मुलांना थेट दाखवलं. त्यानंतर छापलेल्या पुस्तकात चंद्रावर अलगद यान उतरवणाऱ्या देशांत भारत नसेल, तर मजकुराला कुणी हात लावलेला नाही. ग्रह मोजा. प्लूटोला 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं, तरी नऊ ग्रह असतील तर पुस्तक परत ठेवून द्या. (यावर एका काकांची कमेंट होती, "पत्रिकेत नऊच असतात." काका, त्या नवात सूर्य, चंद्र, राहू, केतू आहेत आणि पृथ्वी नाही. तो हिशेब वेगळा.)

नुसत्या सालावर जाऊ नका. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर परत छापला. सुधारित आवृत्ती म्हणजे कुणीतरी बसून दुरुस्त केला, निदान करायला हवा होता. आपल्याकडे पुष्कळदा पुनर्मुद्रणालाच "चौथी आवृत्ती" म्हणतात, म्हणून परत तेच, ओळखीचं पान उघडा.

एकीने विचारलंय, सेमी इंग्लिशला मराठी घ्यावं की इंग्रजी? मी तरी मराठी घेईन, पण प्रकाशसंश्लेषणाशेजारी फोटोसिंथेसिस असं दिलेलं. पोराला शाळेत दुसरा शब्द लागतो, आजीला समजावताना पहिला.

आणि ती "तुम्हाला माहीत आहे का?" वाली चौकट! पानोपानी. सर्वांत उंच, सर्वांत लांब, सर्वांत जड. पोरं पाठ करून पाहुण्यांसमोर म्हणतात आणि आपण टाळ्या वाजवतो. अरे, जिराफाची मान लांब आहे हे दिसतंय त्याला, ती वाकवून तो पाणी कसा पितो ते सांगा ना.

संच घ्यायच्या आधी त्यातलं एक पुस्तक सुटं मागा. देत नसतील तर वाचनालयात शोधा. तोवर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही मुलांच्या पुस्तकांची वेबसाइट आहे, मराठीतही, फुकट, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली. बालभारतीचं "किशोर" मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन आहेत. जुन्या अंकातले ग्रह मात्र मोजून घ्या!

माझा तो संच अजून बहिणीकडेच असतो, हे पुस्तक आजच्यापुरतं मागून आणलंय. भाच्याने "चित्ता" वर बॉलपेनने काट मारून वर "बिबट्या" लिहिलंय. आता धाकटी त्यातून वाचते, आणि काट मारलेलं पान सगळ्यांत आधी उघडते.