कॉम्प्युटेशनल जॉमेट्रीच्या कॉन्फरन्सला जाताय? आधी हाताने आकृती काढा!

नमस्कार मंडळी! पहिल्यांदा कॉम्प्युटेशनल जॉमेट्रीच्या, म्हणजे भूमितीचे प्रश्न कॉम्प्युटरने कसे सोडवायचे त्या शास्त्राच्या, कॉन्फरन्सला जायचंय, तयारी काय करू, हे इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा बोलूनच टाकू.

रजिस्ट्रेशन, व्हिसा, राहायची सोय, हे लवकर उरका, पुढे चला. कॉन्फरन्स कुठली? एसओसीजी सगळ्यात नावाजलेली, १९८५ पासून चालू आहे, तिथे पेपर लागणं अवघड. युरोसीजी जरा मोकळी, छोटा पेपर द्यायचा, तो फॉर्मल पब्लिकेशन धरत नाहीत, त्यामुळे तेच काम नंतर दुसरीकडे पाठवता येतं. कॅनडातली सीसीसीजी विद्यार्थ्यांसाठी फार छान. आणि "पेपर नाहीये, तरी जाऊ का?" अहो जा की! नुसतं ऐकायला आलेले खूप असतात.

आता खरं काम. ज्या टॉकला बसणार त्याची आकृती आदल्या दिवशी हाताने काढा. एसओसीजीचे २०१५ पासूनचे पेपर ऑनलाइन फुकट आहेत, दोन-तीन निवडा, फक्त इंट्रो वाचा आणि पेन उचला. नुसतं वाचू नका, काढा!

उदाहरण घ्या, आर्ट गॅलरीचा प्रश्न: गॅलरी म्हणजे एक पॉलिगॉन (बहुभुज), तिचा कोपरान्‌कोपरा दिसायला किती गार्ड उभे करावे लागतील? ख्वाताल या गणितज्ञाने १९७५ मधे दाखवलं की एन कोपऱ्यांच्या पॉलिगॉनला एन भागिले तीन, खालचा पूर्णांक, एवढे गार्ड पुरतात. वाचलं, मान डोलावली, संपलं? नाही. चार टोकदार दात्यांचा कंगवा काढा, बारा कोपरे. दाते अरुंद ठेवा, म्हणजे गार्ड कुठेही उभा केला तरी त्याला दोन दात्यांची टोकं एकदम दिसत नाहीत, म्हणजे चार लागणारच. मग त्याचेच दहा त्रिकोण पाडा, कोपऱ्यांना तीन रंग असे द्या की प्रत्येक त्रिकोणात तिन्ही रंग येतील. सगळ्यात कमी वापरलेला रंग जास्तीत जास्त चार कोपऱ्यांवर, तिथे गार्ड उभे करा, प्रत्येक त्रिकोणाला एक गार्ड मिळालाच, झालं! ही फिस्क यांची सिद्धता, हाताने केलीत की विसरणार नाही.

प्रश्न विचारायची भीती वाटते म्हणता ना, त्यालाही आकृतीच कामी येते. पेपरात लिहिलेलं असतं "पॉइंट जनरल पोझिशनमधे आहेत", म्हणजे तीन एका रेषेत नाहीत वगैरे. तुम्ही मुद्दाम तीन एका रेषेत ठेवा आणि काय मोडतं बघा, तुमचा प्रश्न तयार. मी एका कॉफी ब्रेकमधे अशीच आकृती वक्त्यापुढे धरली, त्याने माझ्याच पेनाने तिच्यात अजून एक पॉइंट टाकला आणि सगळी अडचण कुठे आहे ते दाखवलं, स्लाइडवर ते कुठेच नव्हतं.

आणि स्वतः बोलणार असाल तर प्लीज, पहिल्या स्लाइडवर लेमा (मुख्य सिद्धतेकडे नेणारं छोटं विधान) टाकू नका! वीसेक मिनिटं मिळतात, त्यात पाच लेमा दाखवणारे बघून जीव तुटतो, एवढं सुंदर काम कोणापर्यंत पोचतच नाही. सहा पॉइंटची आकृती दाखवा आणि तिच्यावरच बोला.

एकाने विचारलंय, समांतर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या, सेशनमधे कुठलं निवडू? ज्याची आकृती काढलीय ते. पण सीसीसीजीला गेलात तर ओपन प्रॉब्लेम सेशन चुकवू नका, तिथे मोठमोठी माणसं फळ्यावर न सुटलेले प्रश्न मांडतात, संध्याकाळी दोघं-तिघं जमवून त्यातला एक घेऊन बसा.