सहा जण परत आले नाहीत, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात केयुगा नावाचं एक लांबट सरोवर आहे. त्याच्या दक्षिण टोकाशी इथाका हे गाव, आणि गावाच्या पूर्वेला टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ. १८६५ साली एझ्रा कॉर्नेल यांनी ते काढलं, तेव्हाच सांगून ठेवलं होतं की इथे कुणीही यावं आणि हवा तो विषय शिकावा. त्या काळाच्या मानानं ही फार मोठी गोष्ट होती. त्यामुळेच विसावं शतक उजाडलं तेव्हा तिथे मूठभर का होईना, पण कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत होते.

१९०४-०५ चं वर्ष संपलं. सुट्टीनंतर पुन्हा वर्ग भरले, तेव्हा या मूठभरांपैकी सहा जण परत आलेच नव्हते.

आपल्याकडे शिक्षण खात्याच्या भाषेत याला गळती म्हणतात. प्रवेश मिळतो, नाव पटावर लागतं, आणि वर्षभरात मूल दिसेनासं होतं. त्या सहा जणांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांच्या मागे जे उरले, त्यांनी ही गळती मनाला लावून घेतली आणि त्यातून एक संघटना उभी राहिली. तिचं नाव अल्फा फाय अल्फा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची, कॉलेजा-कॉलेजांत शाखा असलेली आणि आजवर टिकलेली ही पहिली फ्रॅटर्निटी. तिच्या कॉर्नेलमधल्या पहिल्या शाखेची, म्हणजे अल्फा चॅप्टरची, गोष्ट आज मला तुम्हाला सांगायची आहे.

फ्रॅटर्निटी हा प्रकार आपल्या कॉलेजांत नाही, म्हणून आधी त्याबद्दल थोडं. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेली ही विद्यार्थ्यांची मंडळं असतात. त्यांचं स्वतःचं घर असतं, दीक्षाविधी असतो, आणि एकदा सभासद झालेला माणूस जन्मभर ‘ब्रदर’ राहतो. बाहेरून पाहिलं तर हा नुसता मौजमजेचा मामला वाटेल. पण कॉर्नेलमध्ये त्या काळी मुलांसाठी विद्यापीठाची वसतिगृहं जवळपास नव्हतीच. राहायचं म्हणजे गावात खोली घ्यायची, नाहीतर फ्रॅटर्निटीच्या घरात. तिथे राहायची आणि जेवायची सोय, वरच्या वर्गातल्या मुलांची मदत, आणि पुढे नोकरीच्या वेळी कामी येणाऱ्या ओळखी. गोऱ्या मुलांना हे सगळं आयतं मिळत होतं. कृष्णवर्णीय मुलांना त्या घरात जागा नव्हती. होती ती फक्त कामाला. शिक्षणाचा खर्च भागवायला त्यांच्यातली काही मुलं याच घरांमध्ये जेवण वाढायचं काम करत.

या मुलांनी काय पाहिलं असेल, याचा विचार करा. हातात ताटं घेऊन ते टेबलाभोवती फिरत होते, आणि एकमेकांना धरून राहिलं की अभ्यास कसा सोपा होतो, हे रोज डोळ्यांनी बघत होते. रात्री टेकडी उतरून गावात यायचं, तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे घेतलेल्या खोलीवर. सकाळी पुन्हा चढण. इथाकाचा हिवाळा कडक असतो, महिनोन्‌महिने बर्फ असतो. असा एकेकटा मुलगा वर्षभर टिकला नाही, तर त्यात नवल ते काय!

सुरुवात झाली ती एका घरातल्या बैठकांपासून. नॉर्थ ऑल्बनी स्ट्रीटवरच्या ४२१ क्रमांकाच्या घरी चार्ल्स पॉइंडेक्स्टर नावाचे पदव्युत्तर विद्यार्थी राहत. इतरांपेक्षा वयानं मोठे, अनुभवी. १९०५-०६ मध्ये त्यांनी या मुलांना दर पंधरा दिवसांनी आपल्याकडे बोलवायला सुरुवात केली. वाचन, चर्चा, अभ्यासात मदत आणि चार घटका सोबत. हे वाङ्मय मंडळ चांगलं चाललं होतं. पण काही जणांना एवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांना फ्रॅटर्निटीच हवी होती. ओहायोच्या विद्यापीठात कृष्णवर्णीयांची अशी फ्रॅटर्निटी असल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि चौकशीचं पत्र पाठवलं. उत्तर आलं की अशी कुठलीही संस्था इथे नाही. म्हणजे पुढ्यात कित्ता ठेवून गिरवायची सोयही उरली नाही.

पॉइंडेक्स्टर यांना हा विचार पटला नाही. मंडळ आहे तसंच वाङ्मयीन राहावं, असं त्यांचं मत होतं. १९०६ च्या हिवाळ्यात बरेच वादविवाद झाले आणि शेवटी ते बाजूला झाले. ४ डिसेंबर १९०६ या दिवशी फ्रॅटर्निटीचा निर्णय पक्का झाला, आणि तोच तिचा स्थापना दिवस मानतात. हेन्री आर्थर कॅलिस, चार्ल्स हेन्री चॅपमन, यूजीन किंकल जोन्स, जॉर्ज बिडल केली, नॅथॅनियल ॲलिसन मरे, रॉबर्ट हॅरॉल्ड ओगल आणि व्हर्टनर वुडसन टँडी हे सात संस्थापक. संघटनेत त्यांना ‘सात रत्नं’ म्हणतात. काळा आणि जुना सोनेरी हे रंग ठरले. केली पहिले अध्यक्ष झाले.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. सात रत्नांत पॉइंडेक्स्टर यांचं नाव नाही. मतभेद झाला, ते गेले, त्यामुळे नियमानं ते बरोबरच आहे. पण ज्याच्या घराचं दार दर पंधरा दिवसांनी उघडत होतं, ज्यानं या मुलांना एका खोलीत आणून बसवलं, त्याच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. संस्था उभ्या करणाऱ्यांच्या इतिहासात असा एक माणूस बहुतेक वेळा असतो आणि फलकावर त्याचं नाव नसतं. मी ही गोष्ट जेव्हा सांगते, तेव्हा त्यांचं नाव आवर्जून घेते.

इथाकातल्या बैठकीला जेमतेम एक वर्ष झालं होतं, तोच १९०७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली, बीटा. पाठोपाठ व्हर्जिनियात गॅमा. १९०८ मध्ये हॉवर्डलाच पहिलं अधिवेशन भरलं. त्या काळी दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा. अशा देशात वर्षभरात तीन ठिकाणी रोप लागलं.

आणि ती मुलं पुढे कोण झाली, तेही ऐका. टँडी न्यूयॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले. हार्लेममधलं सेंट फिलिप्स चर्च त्यांनी जॉर्ज फॉस्टर या सहकाऱ्याबरोबर बांधलं. केसांच्या प्रसाधनांच्या व्यवसायातून मोठ्या झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसन नदीकाठचा ‘व्हिला लेवारो’ हा वाडाही त्यांचाच. केली अभियंता झाले आणि राज्याच्या कालव्याच्या कामावर गेले. जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीगची धुरा वीसहून अधिक वर्षं वाहिली. खेड्यातून शहरात आलेल्या कृष्णवर्णीयांना काम आणि घर मिळवून देणं, हे त्या संस्थेचं मुख्य काम. कॅलिस डॉक्टर झाले आणि हॉवर्डमध्ये शिकवू लागले. सातांपैकी सर्वांत जास्त आयुष्य त्यांना लाभलं, १९७४ पर्यंत. मरे आणि चॅपमन शिक्षक झाले. ओगल वॉशिंग्टनला सिनेटच्या एका समितीच्या कचेरीत होते.

पण मला या संघटनेचं खरं मोल वाटतं ते तिनं लढवलेल्या खटल्यांत. १९३५ साली मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलनं डोनाल्ड मरे या पदवीधराला केवळ रंगामुळे प्रवेश नाकारला. बाल्टिमोरच्या न्यायालयात त्याच्या बाजूनं उभे राहिलेले चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी थर्गुड मार्शल, दोघेही अल्फा फाय अल्फाचे सभासद. खटल्याची तयारी सुरू करण्यात आणि पाठबळ देण्यात संघटनेचाही वाटा होता. मार्शल स्वतः बाल्टिमोरचे. पण गावातल्याच या लॉ स्कूलचं दार कृष्णवर्णीयांना बंद, म्हणून त्यांना कायदा शिकायला वॉशिंग्टन गाठावं लागलं होतं. न्यायालयानं मरेला प्रवेश देण्याचा हुकूम केला आणि जानेवारी १९३६ मध्ये राज्याच्या वरच्या न्यायालयानंही तो कायम केला. हेच मार्शल १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

दुसरा खटला मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो जेवणाच्या टेबलावरून झाला. १७ मे १९४२. एल्मर हेंडरसन हे सरकारी अधिकारी कामासाठी वॉशिंग्टनहून रेल्वेनं दक्षिणेकडे निघाले होते. हातात पहिल्या वर्गाचं तिकीट. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जेवणाची वर्दी मिळाली, तसे ते लगेच भोजनयानात गेले. मुदपाकखान्याजवळची शेवटची दोन टेबलं कृष्णवर्णीयांसाठी, आणि मध्ये पडदा, अशी कंपनीची रीत होती. पण गर्दी झाल्यामुळे त्या टेबलांवरही गोरे प्रवासी बसवले होते. तिथे एक खुर्ची रिकामी होती. तरीही हेंडरसन यांना बसू दिलं नाही. जागा झाली की निरोप पाठवतो, असं सांगितलं. निरोप आला नाही. ते पुन्हा गेले, पुन्हा परतवले गेले. रात्री नऊला तो डबाच गाडीपासून सोडवण्यात आला. हेंडरसन उपाशी राहिले.

शेजारी गोरा माणूस जेवत असताना कृष्णवर्णीय माणूस त्याच टेबलावर बसलेला चालत नाही, एवढंच त्यामागचं कारण. पंक्तीचा इतिहास ज्या समाजाला माहीत आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हेंडरसन अल्फाचे सभासद होते. त्यांचा खटला अल्फाच्याच बेलफर्ड लॉसन यांनी लढवला आणि संघटना त्यांच्या पाठीशी राहिली. आठ वर्षं लागली. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ते पडदे आणि राखीव टेबलं बेकायदा आहेत.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये संघटनेचं सुवर्णमहोत्सवी अधिवेशन न्यूयॉर्क राज्यातच, बफेलो शहरात भरलं. तोवर सात जणांपैकी तिघेच हयात होते. ११ ऑगस्टला तिथे बोलायला उभे राहिले सत्तावीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग. बॉस्टनला डॉक्टरेट करत असताना, १९५२ मध्ये, ते अल्फात आले होते. बफेलोला ते आले तेव्हा दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरात, बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याविरुद्ध, बसवर टाकलेला बहिष्कार ऐन भरात होता, लोक आठ महिने पायी कामाला जात होते. नव्या युगाचा जन्म, हा त्यांच्या भाषणाचा विषय. त्यात आशिया-आफ्रिकेतल्या वसाहतींबद्दल बोलताना भारत आणि पाकिस्तान यांचाही उल्लेख त्यांनी केला. तीनच वर्षांनी ते भारतात आले आणि मुंबईत मणिभवनात मुक्कामाला राहिले. वॉशिंग्टनमध्ये आज त्यांचं जे स्मारक आहे, ज्याचं २०११ मध्ये लोकार्पण झालं, त्याची कल्पना १९८४ साली अल्फाच्याच सभासदांनी मांडली. सत्तावीस वर्षं ते या एका कामाच्या मागे लागले होते.

सगळंच गौरवाचं नाही, आणि तेही सांगायलाच हवं. दीक्षाविधीच्या नावाखाली नव्या मुलांचा छळ करण्याची वाईट प्रथा इतर फ्रॅटर्निटींप्रमाणे इथेही शिरली. १९८९ मध्ये अटलांटाच्या मोअरहाऊस कॉलेजात अल्फात येऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याचा अशाच प्रकारात मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या प्रमुख संघटनांनी मिळून सभासद होण्याआधीच्या या उमेदवारीची पद्धत अधिकृतरीत्या बंद केली. चोरून छळ मात्र पुरता थांबला नाही. मुलं कॉलेजात टिकावीत म्हणून जिचा जन्म झाला, त्या संघटनेच्या दारात एक मूल जीव गमावतं, याचं दुःख कुठल्याही घटनादुरुस्तीनं भरून येत नाही. आपल्याकडेही रॅगिंगविरुद्ध १९९९ मध्ये कायदा करावा लागला, हे श्रोत्यांना आठवत असेल.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये, शताब्दी वर्षाच्या उंबरठ्यावर, देशभरातून शेकडो सभासद इथाकाला जमले आणि कॉर्नेलच्या आवारातून एकही घोषणा न देता चालत गेले. बार्न्स हॉलसमोर इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची एक भिंत आहे. बसायला बाक आणि त्यावर फलक. सात रत्नांच्या स्मरणार्थ ती बांधली आहे. विद्यार्थी येता-जाता तिथे टेकतात.

आता आपल्याकडचा एक धागा. थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हेही अल्फाचे सभासद होते. १९४६ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं. त्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली. कृष्णवर्णीयांची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास केलाच पाहिजे, असंही त्यात लिहिलं. ड्युबॉइस यांनी महिनाअखेरच उत्तर पाठवलं, कागदपत्रं मिळाली की पाठवतो असं कळवलं आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आस्था व्यक्त केली. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात, ड्युबॉइस यांच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या प्रती इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. कॉलेजात शिकणाऱ्या श्रोत्यांनी ती जरूर वाचावीत. पत्रं छोटी आहेत, दहा मिनिटांत वाचून होतात.

नमस्कार.