पालथ्या नावेखालचं चर्च

जरा मान वर करा. हे चर्चचं छत आहे, पण डोळ्यांना ते पटत नाही. मधोमध लांबच लांब कणा, दोन्ही अंगांनी खाली उतरत गेलेल्या लाकडी फासळ्या. कुणीतरी भलंमोठं गलबत उचलून पालथं घातलंय आणि आपण त्याच्या पोटात उभे आहोत, असंच वाटतं.

उत्तर फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत, सेन नदी समुद्राला मिळते तिथे ऑनफ्लर हे जुनं बंदर आहे. हे तिथलं संत कॅथरीनचं चर्च. ते कॅथेड्रल नाही, इथे बिशपचं आसन नाही. खलाशी, कोळी आणि जहाजं बांधणारे सुतार यांच्या धर्मग्रामाचं, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीचं, हे चर्च.

आधी इथे दगडी चर्च होतं. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात ते पडलं. १४१९ ते १४५० अशी तीसेक वर्षं हे गाव इंग्रजांच्या ताब्यात होतं. ते गेले, १४५३ मध्ये युद्ध संपलं, आणि लोकांना पुन्हा मिस्सासाठी, म्हणजे सामूहिक उपासनेसाठी, जागा हवी झाली. दगड तटबंदीला लागत होता. लाकूड मात्र जवळच्या तूकच्या जंगलात होतं, आणि ते कापणारे, तासणारे, जोडणारे हात गोदीत होतेच.

या माणसांना घुमट आणि कमानी कुठून येणार? त्यांना नावा बांधता येत होत्या. त्यांनी तेच केलं!

आता खांबांकडे बघा, अगदी जवळून. करवतीने कापल्यासारखे ते गुळगुळीत नाहीत. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासल्याच्या खुणा अजून दिसतात, हात फिरवला तर बोटांना उंचसखल लागतात. आणि पायथे बघा. एकाखाली दगड कमी, दुसऱ्याखाली जास्त. पुरेशी उंच ओकची झाडं मिळाली नाहीत, म्हणून जो खांब तोकडा पडला त्याच्या खाली दगडाची बैठक देऊन छताची पातळी साधली. मला या चर्चमधली सर्वांत सुंदर गोष्ट कुठली विचाराल, तर मी हे कमीजास्त पायथेच दाखवेन.

वस्ती वाढली, जागा अपुरी पडू लागली. मग १४९६ च्या सुमाराला पहिल्या दालनाला लागूनच दुसरं दालन उभं राहिलं. म्हणून इथे एक नाही, दोन नावा शेजारीशेजारी पालथ्या आहेत. नीट पाहिलं तर दुसरीची गोलाई जरा वेगळी आहे.

मागच्या बाजूला, ऑर्गनच्या सज्जाच्या कठड्यावर सतरा वादक कोरलेले आहेत, प्रत्येकाच्या हातात वाद्य. बाहेरचा दर्शनी मंडप मात्र विसाव्या शतकातला. तिथे फार रेंगाळायला नको.

चला, चौक ओलांडू. शनिवारी इथे बाजार भरतो. समोर एकटा उभा आहे तो या चर्चचाच घंटामनोरा. चर्चपासून एवढा दूर का? लाकडी चर्च, त्यात उंच मनोरा. वीज पडून मनोरा पेटला, तर आग आत जमलेल्या माणसांवर कोसळू नये म्हणून तो वेगळा बांधला. खाली घंटा वाजवणाऱ्याचं घर आहे. चारी बाजूंनी तिरप्या तुळयांचा टेकू दिलाय, आणि अंगावर चेस्टनटच्या लाकडाचे पातळ तुकडे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसवलेले.

याच गावात १८२४ मध्ये चित्रकार युजेन बुदँ जन्मला. त्याने तरुण चित्रकार क्लोद मोनेला उघड्यावर बसून रंगवायला शिकवलं. मोनेने हा मनोरा रंगवला, आणि ते चित्र आज गावातल्याच बुदँच्या नावाच्या संग्रहालयात आहे.

संग्रहालय इथून पायी थोड्याच अंतरावर आहे. पण त्याआधी एकदा परत आत जाऊ. उन्हं कलली की खिडक्यांतून प्रकाश तिरपा येतो आणि वाकसाचा एकेक घाव वेगळा दिसू लागतो.